पवईचे पक्षी आणि मधुवंतीबाई

२१ जुलै
आजपासून पक्षीनिरीक्षण. मालन, माझी बायको, गेल्यापासून घरात चैन नाही. हॉल, किचन, गॅलरी, परत हॉल. टीव्हीसमोरही बसवत नाही. म्हणून पवई तलाव. बी विंगच्या मधुवंतीबाईंनाही विचारलं. शाळेतून रिटायर, एकट्याच असतात. लगेच हो म्हणाल्या! मुलुंडहून रिक्षा शेअर होते, म्हणून विचारलं. दुसरं काही नाही.

२८ जुलै
तलाव भरलाय, पलीकडचं जंगल गच्च हिरवं. लांब शेपटीचा कमळपक्षी पानांवरून चालत होता. अशा वेळी हलायचं नसतं म्हणे. मी तीनदा उठलो. उडाला. फारच भित्रा पक्षी.
मधुवंतीबाईंनी थालीपीठं आणली होती. जास्तीची माझ्या डब्यात घातली. असं कोणी उगाच करत नाही.

१३ ऑक्टोबर
ऊन भाजतंय. नवी दुर्बीण घेतली. मधुवंतीबाईंना खंड्या दाखवला. "अगबाई, किती निळा!" म्हणाल्या. जवळ गेल्यावर फांदीला अडकलेली प्लास्टिकची पिशवी निघाली. फोकसचा प्रॉब्लेम. पण त्यांनी विश्वास ठेवला, ते महत्त्वाचं.
संकल्प: केसांना कलप. पांढरं डोकं पक्ष्यांना लांबून दिसतं.

२० ऑक्टोबर
कलप लावला. कानही काळे झाले. मधुवंतीबाई काही बोलल्या नाहीत. सभ्य बाई.

८ डिसेंबर
थंडी. पाहुणी बदकं आली. मी एकेकाचं नाव सांगत होतो, मधुवंतीबाई शाल गुंडाळून, डोळे मिटून बाकावर बसल्या होत्या. नुसत्या आवाजावरून पक्षी ओळखायची ही पद्धत मुरलेल्या लोकांनाच जमते.
रिक्षात विचारलं, तुम्हाला आवडतं ना हे सगळं? म्हणाल्या, "तुम्हाला बरं वाटतंय ना, मग झालं." दुपारभर हेच वाक्य डोक्यात. हॉल, किचन, गॅलरी.

२ मार्च
आज विचारायचंच, असं ठरवून गेलो. भारद्वाज दिसला. शुभ! मधुवंतीबाईंकडे वळलो, घसा साफ केला आणि विचारलं, पुढच्या वेळी चहा मी आणू का? हो म्हणाल्या. एकदम सगळं विचारू नये.

१८ मे
पाणी आटलंय, काठाला नुसता चिखल. विचारलं. म्हटलं, आपण पुढेही असंच सोबत...
त्यांनी मध्येच थांबवलं. "श्यामकांतराव, खरं सांगू? मला पक्ष्यांचा भयंकर कंटाळा येतो हो. मागच्या जुलैत तुमच्या निहारचा बोस्टनहून फोन आला होता. बाबा धड जेवत नाहीत, घरभर फेऱ्या मारतात, काकू जरा लक्ष ठेवाल का? माझ्या वर्गात होता तो, नाही म्हणवेना. आता तुम्ही सावरलात. माझे गुडघे नको म्हणतायत."
मी म्हणालो, मलाही पक्ष्यांत तसा काही रस नाही.
त्या बघतच राहिल्या. मग खूप हसल्या. वर्षभरात एवढ्या हसलेल्या पाहिल्या नव्हत्या. मीही हसलो.

२५ मे, रविवार
पहाटे उठून बूट घातले. मग आठवलं.
दुपारी जेवायला बसलो तेव्हाही बूट पायातच होते.