अनोळखी इसमावरचा विनोद

मंगळवार, मु. वैशाखरे

निवृत्त झाल्यापासूनचा माझा रिवाज, टपरीवर पेपर मोठ्यानं वाचायचा. आज पुढाऱ्याचा घोटाळा, क्रिकेटमधला पराभव, दोन्हींवर माझे शेरे झाले. मग कोपऱ्यातली बातमी : घाटरस्त्याकडेला अनोळखी इसमाचा मृतदेह, शेजारी दारूची बाटली. मी म्हणालो, "हाही आपल्या टीमसारखा लवकर आउट झाला!" सगळे हसले. का बोललो असं?

कपबशा विसळणारी कमळी तेवढी हसली नाही.

"गुरुजी, शर्ट कंचा लिवलाय?"

"निळा."

निळा शर्ट घालून गेलेला तिचा भाऊ चार दिवस घरी आलेला नाही, हे मला तेव्हा कळलं. तिला स्कूटरवर बसवून मुरबाडला नेलं, शवागारापर्यंत. वाटभर डोक्यात तेच वाक्य. लवकर आउट झाला. ती आत गेली. मी बाहेरच थांबलो, धीर झाला नाही.

बऱ्याच वेळानं आली. "माझा भाऊ नाय तो."

मला हायसं वाटलं. पण ते वाटणंही लगेच मेलं; कुणाचा तरी भाऊ असणारच तो.

"मग एवढा वेळ का गो?"

"कपाळाला माती व्हती त्याच्या. पदरानं पुसली."