धुराड्यातली ससाणी

२ एप्रिल

ती. मावशीस सा. न. वि. वि.

डोळ्याची पट्टी निघाली हे वाचून जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी महिनाभर शिवणकाम नको म्हटलंय, तर महिना म्हणजे तीस दिवस; तुझ्या हिशेबाने अठरा नव्हेत.

स्टुडिओत सगळं ठीक. सकाळी ओळखपत्रांचे फोटो काढतो, दुपारी तू शिकवलंस तसे चेहऱ्यांवरचे डाग काढतो. तू ब्रशने काढायचीस, मी कॉम्प्युटरवर, एवढाच फरक. पण माझं चित्त सध्या मागच्या बंद कारखान्याच्या धुराड्यावर आहे. तिथे बहिरी ससाण्याची जोडी आली आहे. वरच्या विटा पडून झालेल्या भोकात मादी सारखी ये-जा करते. मी तिला ससाणी म्हणतो. आत पिल्लं असणारच. पण भोक खोल आहे, खालून काही दिसत नाही, आणि पंधरा तारखेला धुराडं पाडणार आहेत.

मी नगर कचेरीत जाऊन आलो. तिथल्या बाई म्हणाल्या की पिल्लं असल्याचा पुरावा देणारा फोटो आणा, ती उडेपर्यंत थांबू. नुसत्या खात्रीवर क्रेन परत पाठवता येत नाही. म्हणून रोज सकाळी मालकांचा कॅमेरा घेऊन उभा राहतो. सहाशे चौदा फोटो झाले. त्यातल्या पाचशे नव्वदांत नुसतं आकाश आहे. ती येते, आणि मी बटण दाबेपर्यंत गेलेली असते. काय करू ते सांग.

तुझा,
टाचणी

५ एप्रिल

चि. टाचणीस अनेक आशीर्वाद.

अरे, फोटो मोजत बसलास की पक्षी निसटणारच! मला पक्ष्यांतलं कळत नाही, पण त्या स्टुडिओत तीस वर्षं वळवळणारी पोरं पाहिली आहेत. पोर हसल्यावर कॅमेरा उचलला तर मिळतं रडकं तोंड. ती लांब असतानाच कॅमेरा डोळ्याला लाव. कमरेतून वळ, नुसते हात फिरवू नकोस, आणि बटण दाबल्यावरही वळत राहा. पाय रोवून उभा राहा. तसा तू वाऱ्याने हलणारा प्राणी आहेस.

आणि कचेरीत देण्याआधी फोटोचं तोंड धुऊन घे. आपल्या स्टुडिओतून पारोसं चित्र कधी बाहेर गेलेलं नाही.

जेवणाची वेळ पाळ, म्हणजे माझी माया आटणार नाही.

मावशी

१० एप्रिल

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझ्या युक्तीने फोटो मिळाला, पण उपयोग झाला नाही.

परवा सकाळी ऊन आडवं पडलं होतं. शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर ठेवलं होतं. ती लांबून आली, मी कमरेतून वळलो, आणि धुराड्याला लागूनच ती पंख पसरलेली सापडली. डोळ्यातली चमकसुद्धा आली. मग दोन तास बसून फोटो धुतला. पोटाखालचा काळोख उजळला, आकाशात रव्यासारखे दिसणारे ठिपके काढले, चौकट कातरून घेतली. पायांना कुठली तरी चिंधी अडकली होती बिचारीच्या, तीही एकेक ठिपका करून काढून टाकली. मालक म्हणाले की असा फोटो त्यांच्या हातूनही झाला नसता.

बाईंनी फोटो पाहिला, छान म्हणाल्या आणि परत दिला. पक्षी कुठेही उडतो, यात पिल्लांचा पुरावा कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. पंधरा तारीख कायम आहे. सोबत प्रत पाठवतो. माझ्याकडे ती बघवत नाही.

तुझा,
टाचणी

१२ एप्रिल

चि. टाचणीस आशीर्वाद आणि एक धपाटा.

सकाळपासून दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस. रुसून पांघरूण घेतलं असशील. म्हणून दुपारच्या बसच्या ड्रायव्हरकडे हे देते आहे.

तुझा फोटो नव्या डोळ्याने, भिंग लावून पाहिला. पक्ष्यावरून नजर हटव आणि मागच्या विटांकडे बघ. तिथे ससाणीची सावली पडली आहे. ससाणीचे पाय रिकामे, आणि सावलीच्या पायांत मात्र अख्खा पारवा लोंबतो आहे! चोच, पंख, सगळं. गाढवा, ती चिंधी नव्हती, पोरांचं जेवण होतं. ते तू ताटावरून उचललंस.

दोष माझाही आहे. तोंड धू असं मीच सांगितलं. पण तीळ काढताना नाक काढायचं नसतं, हेही मीच शिकवलं होतं. मूळ फोटो घेऊन उद्याच्या उद्या कचेरीत जा. आपण काय केलं ते आपणच सांग. बाई रागावल्या तर रागावू देत.

मावशी

१४ एप्रिल

ती. मावशीस सा. न. वि. वि.

मावशी, जमलं!

काल कचेरी उघडण्याआधीच दारात उभा होतो. दोन्ही फोटो बाईंपुढे ठेवले आणि डोळे मिटून सगळं सांगून टाकलं. खाडाखोड केलेला पुरावा म्हणून त्या मला हाकलतील, असं वाटत होतं. त्यांनी कॅमेराच मागितला. त्यात लागोपाठचे अकरा फोटो होते. दहाव्यापर्यंत पारवा पायांत आहे, अकराव्यात ती पारव्यासकट भोकात शिरते आहे. बाईंनी शिपायालाही बोलावून दाखवले. मग मला विचारलं की त्यांच्या स्वतःच्या ओळखपत्रावरून हनुवटीवरचा मस कुठे गेला. मी खाली मान घातली. तो मीच काढला होता. त्या इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतली माणसं डोकावली.

कागदावर सही झाली. पिल्लं उडेपर्यंत धुराड्याला हात लावायचा नाही.

तुझा,
टाचणी

९ मे

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तीन पिल्लं निघाली! दोन सोमवारी उडाली. तिसरं चार दिवस काठावर बसून राहिलं. पंख उघडायचं, खाली बघायचं, मिटायचं. मालक म्हणाले की हे माझ्यावर गेलं आहे. क्रेनवाले, ठेकेदार, कचेरीतल्या बाई, सगळे माना वर करून उभे. ससाणी पायांत घास धरून त्याच्यासमोरून घिरट्या घालत होती, पण देत नव्हती. आज सकाळी अखेर ते भुकेने उडालं. उडालं म्हणजे आधी पडलं, मग आपण पडत नाही आहोत हे त्याच्या लक्षात आलं.

ठेकेदाराने टाळ्या वाजवल्या. नंतर माझ्याजवळ येऊन त्याने विचारलं की आता तरी त्याला त्याचं धुराडं मिळेल का. मी तीनदा आकाशाकडे बघितलं, तीनही मोजली, आणि घ्या म्हणालो.

डोळ्याला जप, आणि माझ्यावर रागावत राहा.

तुझा,
टाचणी