नकाशातल्या कोऱ्या जागेतलं घर

प्रिय दौलतशो,

'प्रिय' सवयीने लिहिलं आहे, हुरळून जाऊ नकोस. मॉस्कोहून पैसे पाठवून तू घळीच्या तोंडाशी बांधवलेल्या त्या लाल पत्र्याच्या घरात आई परवापासून एकटी राहायला गेली आहे. झालं समाधान?

गेल्या उन्हाळ्यात माझ्या वर्गातल्या नकाशावर बोट आपटून तू सगळ्या गावाला अक्कल शिकवलीस. उंचीच्या रेषा जिथे एकमेकींना चिकटल्या आहेत, त्या कड्याच्या कडेला आपली घरं दाटीवाटीने बसलेली. आणि घळीच्या तोंडाशी, जिथे त्याच रेषा ऐसपैस पसरल्या आहेत, तिथे एकही घर नाही. "एवढी सपाट जागा सोडून खडकाला लटकलात, शेळ्या आहात का?" असं तू म्हणालास. लोक हसले, कारण त्या दिवशीचा पुलाव तुझ्या पैशांचा होता. मॉस्कोत परक्यांच्या भिंतींना गिलावा केला की डोंगर कळतो, असं वाटलं तुला. अरे दीडशहाण्या, ती जागा सपाट केली कुणी? बर्फ वितळताना घळीतून चिखलदगडांचा लोंढा येतो, त्यानेच. म्हणून आपल्या लोकांनी तिथे गहू आणि जर्दाळू लावले आणि स्वतः खडकावर राहिले. वाहून गेलेलं शेत पुन्हा करता येतं. माझ्या चौथीतल्या पोरांना हे नकाशा पाहून सांगता येतं.

यंदा वर बर्फ बेसुमार साठलं आहे. मी आईला परत आणायला गेले, तर शीरचायचा, आपल्या दुधाच्या खारट चहाचा, वाडगा माझ्यापुढे सरकवत ती म्हणाली, "नेकबख्त, मला काय दिसत नाही होय? पण पोराने बांधलेलं घर रिकामं ठेवलं तर गाव म्हणेल, आईलाच त्याचा भरवसा नाही." मी चिडले, रडलेसुद्धा. ती भांडी लावत राहिली.

म्हणजे तुझी लाज झाकायला ती तिथे बसली आहे, आणि तुझी तेवढी लायकी नाही. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून मॉस्कोला निघालेल्या शेजाऱ्याच्या हाती हे पत्र देते आहे. तुझ्यापुढे हात जोडताना मला किळस येते, तरी जोडते. माझं ती ऐकणार नाही. ऊन तापायच्या आत तिला फोन कर आणि स्वतःच्या तोंडाने सांग, "आई, माझं चुकलं, तू वर जा." एवढं म्हणणं तिच्या जिवापेक्षा जड वाटत असेल, तर मग तिच्या मातीलाही येऊ नकोस.

तुझीच, इलाज नाही म्हणून,
थोरली बहीण नेकबख्त