सहा आकड्यावरचा रेझर

अन्फूशी, अलेक्झांड्रिया
११ नोव्हेंबर २००८

रिफअत भावजींना इन्शिराहचा सलाम.

तुमचं पत्र आणि पार्सल दोन्ही धड पोचलं. तुम्ही, सूझी आणि मुलं कुवेतच्या यंत्राच्या गारव्यात खुशाल आहात हे वाचून बरं वाटलं. इथे तीन दिवस समुद्र खवळलेला आहे. होड्या बाहेर पडत नाहीत, बाजारात मासळी नाही आणि मासळीवाल्यांना दाढी करून घ्यायला वेळच वेळ आहे.

तुमच्या बंधूंची तब्येत विचारलीत. डावा हात, डावा पाय आणि डावा गाल अजून संपावर आहेत. उजवी बाजू नेमाने कामावर येते. झटका आल्यापासून तोंडातून शब्द नाही, पण खुर्चीच्या दांड्यावर बोटाने टकटक करतात आणि भुवई उडवतात. पंचवीस वर्षांच्या संसारात आमचं एवढं बोलणं पूर्वी कधी होत नव्हतं.

आता पार्सल. 'नोंदणीवाल्यांसमोर भाईंचा चेहरा जरा बरा दिसू दे. रेझर कसा वाटला ते कळव' असं तुम्ही लिहिलंय. रेझरच्या खाली ते कागदही होते. कागदांचं मागाहून बघू, आधी रेझर.

ज्या माणसाने चाळीस वर्षं वस्तरा चालवून 'उस्ता', म्हणजे पक्का कारागीर, हे नाव कमावलं, त्याला सेफ्टी रेझर पाठवणं म्हणजे कोळ्याच्या घरी डबाबंद मासा पाठवण्यासारखं आहे. पण मला वस्तरा धरता येत नाही, म्हणून म्हटलं, चला, आला आहे तर पारखून घेऊ. एकट्याची परीक्षा ती काय परीक्षा? जोडीला घरातले दोन जुने काढले. एक तो रशियन खलाशाकडून घेतलेला, पिसासारखा हलका. दुसरा पितळी, ज्याच्या पट्टीला कंगव्यासारखे दाते आहेत. गाव सोडून जाताना तो ग्रीक न्हाव्याने तुमच्या वडिलांच्या हातात ठेवला होता. तिघांनाही एकाच पुडीतलं नवंकोरं पातं घातलं. साबण तोच, पाणी तेवढंच गरम, आणि मधे दोन दिवस दाढी वाढू द्यायची. पाच आठवडे हा उद्योग चालला आहे.

दाढीच्या परीक्षा दोन, असं अब्बा म्हणायचे: किती तुळतुळीत झाली आणि किती सुखाने झाली. अल्लाने माझी सोय अशी केली आहे की तुमच्या बंधूंचा डावा गाल फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. त्याला कळतच नाही, तर तक्रार कसली? उजवा गाल मात्र दोन्हींचं देतो, आणि लाजेखातर खोटं बोलत नाही.

रशियन रेझर म्हणजे गोडबोल्या पाहुणा. त्रास देत नाही आणि काम तर मुळीच करत नाही. सकाळी फिरवला की दुपारच्या चहाला खुंट परत हजर.

ग्रीक रेझर दिसायला सुसरीचा जबडा. तीन दिवसांची दाढी असली तरी रान कापल्यासारखा सरळ निघून जातो, साबण दात्यांतून वाहतो, कुठे अडत नाही. मानेवर मात्र जपून. तिथे उजवी भुवई अर्धा बोट वर गेली.

आणि तुमचा. वजनदार, चकचकीत, मानेला एक ते नऊ आकड्यांची चकती. पेटीवर तुम्ही लाल शाईने लिहिलंत, 'सहावर ठेवा.' ठेवला. डावा गाल आरशासारखा झाला. नंतर पाहिलं तर रक्ताची बारीक रेघ जबड्यापर्यंत आलेली, आणि ज्याचं रक्त त्याला पत्ताच नाही. उजव्या गालाला लावला मात्र, यांनी दांड्यावर अशी थाप मारली की ब्रश वाटीतून उडाला. तुरटी फिरवली तरी तासभर आग होत होती. मग मी चकती दोनवर आणली. भावजी, खोटं कशाला लिहू? दोनवर तो तिघांतही सरस आहे. तुळतुळीत आणि सुखाचा, दोन्ही. वस्तू चांगली, आकडा चुकीचा. दुसऱ्याच्या गालाला कधी हात न लावलेला माणूसच असा आकडा लाल शाईने लिहितो.

नंतर एक गंमत केली. डोळ्यांवर टॉवेल टाकला आणि क्रम उलटसुलट केला. रशियनला एक टकटक, ग्रीकला दोन, तुमच्याला तीन. नऊ वेळा विचारलं, नऊही वेळा बरोबर.

आता कागद. त्यात लिहिलंय की शहाता महरूस हलाबी यांना समज उरलेली नाही, सबब त्यांचे बंधू रिफअत यांना कोर्टाने पालक नेमावं, म्हणजे दोघांच्या नावचं अब्बांचं दुकान मोबाईलवाल्याला विकता येईल. तिथे बायकोची संमती म्हणून मी सही करायची. पुन्हा एकदा मागची ओळ वाचा: नऊपैकी नऊ. माझी सही मिळणार नाही.

'बंद दुकान गंजत पडलंय' ही बातमी तुम्हाला कोणी दिली कोण जाणे, पण शिळी आहे. महिना झाला, दुकान उघडं आहे. अब्बांचं ते खणांचं कपाट आठवतं? काविळीच्या भीतीने ज्यात प्रत्येकजण आपापला रेझर आणि पाती ठेवायचा? ते खण पुन्हा उघडमिट करू लागलेत. कारागिराची सोय झाली आहे. वस्तरा येत नाही, पण ज्याच्या त्याच्या रेझरने नीट काम होतं. हात हलका आहे. जीभ जड नाही, एवढाच दोष. आणखी काय लिहू? सूझीला सलाम.

तुमची वहिनी,
इन्शिराह


अन्फूशी
१८ डिसेंबर २००८

रिफअत भावजी,

ईद मुबारक. तुमचं पत्र मिळालं. त्यात ईदच्या शुभेच्छा नव्हत्या, म्हणून मीच दोघांच्या वतीने देऊन टाकते.

'आपल्या घरची बाई परक्या पुरुषांच्या गालाला हात लावते! अब्बांचं नाव समुद्रात बुडवलं!' असं लिहिलंत. कोणी कळवलं ते मी विचारत नाही. बहुतेक ज्याने कळवलं त्याची दाढीही मीच केली असेल.

हो, मीच. मागच्या पत्रात कारागिराचं नाव टाळलं, ते भीतीने. तेवढी कबुली घ्या, कारण भीतीची ही शेवटचीच.

सुरुवात कशी झाली तेही ऐका. मी दुकान झाडायला उघडलं होतं. यांना वारा लागावा म्हणून दाराजवळच्या खुर्चीत बसवून दाढी करत होते. होड्या बांधणारे हज्ज अबुल-एनेन आत आले, सरळ आपला खण ओढला, रेझर काढला आणि शेजारच्या खुर्चीत बसले.

मी म्हटलं, "हज्ज, उस्ता आजारी आहेत, दिसत नाही का?"

"दिसतं. त्यांचा गालही दिसतो. चांगला झालाय. आता माझा कर."

"मी? अहो, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, हज्ज आज बरा दिसतो. अगं, पंचाहत्तरी आली माझी. तू मला पळवून नेणार की मी तुला? गुडघे तरी साथ देतील का?"

मी यांच्याकडे पाहिलं. तोंडाला अर्धा साबण तसाच. यांनी दांड्यावर एक टकटक केली. आमच्याकडे एक म्हणजे 'हो', दोन म्हणजे 'नाही'.

दुसऱ्या दिवशी हज्जनी दोघांना आणलं. मग खवळलेल्या समुद्राने बाकीचे पाठवले. माझ्या हाताखालून आता एकवीस तऱ्हेचे रेझर गेलेत. यांची खुर्ची आरशाच्या बाजूला असते. नवीन माणूस आला की ते उजव्या हाताच्या पालथ्या बोटांनी त्याचा गाल चाचपतात आणि उलटा हात फिरवायचा की नाही ते बोटाने दाखवतात. हात माझा, पारख त्यांची. परके गाल म्हणता, तर ते सगळे आधी उस्तांच्या बोटांखालून जाऊन मगच माझ्याकडे येतात.

एक गोष्ट मात्र मी करत नव्हते. दाढी झाली, टॉवेल झटकला की उस्ता 'नईमन' म्हणतो, सुख लाभो म्हणून. हा शब्द अब्बांकडून यांच्याकडे आलेला. मी टॉवेल झटकायची आणि गप्प उभी राहायची. गिऱ्हाईक बिचारं क्षणभर वाट पाहायचं, मग उठायचं. त्या क्षणात यांची नजर जमिनीवर असायची.

आता तुमच्या डॉक्टरांचं. तपासणीला पाठवलेत ते मंगळवारी आले. पोरगेलेसे आहेत, मोठी बॅग. घरी तपासतो म्हणाले. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, घरात ते आजारी आहेत. दुकानात उस्ता आहेत. जे विचारायचं ते दुकानात विचारा."

दुकानात त्यांनी विचारलं: आज वार कोणता? साल कोणतं? शंभरातून सात गेले तर किती? आता ज्याच्या तोंडात शब्दच नाही तो काय सांगणार? हे शून्य नजरेने दाराकडे बघत राहिले. डॉक्टर मान खाली घालून लिहायला लागले. समोरून उलटं दिसत असूनही मला 'आकलन नाही' एवढं वाचता आलं.

हज्ज खुर्चीत साबण लावून ताटकळले होते. स्वतःचा रेझर त्यांनी नातवाला दिलाय. आदल्या दिवशीच त्यांनी तुमच्या त्या चकचकीत रेझरवर हक्क सांगितला होता. "मला कुवेतचा माल लाव. माझं नवं पातं घाल आणि आधी उकळत्या पाण्यातून काढ." मी तसं केलं. पण लक्ष त्या लिहिणाऱ्या पेनाकडे होतं. चकती पुसताना फिरली, ते मला कळलंच नाही. हज्जच्या कागदासारख्या गळ्याकडे रेझर नेला...

आणि धाडकन थाप. मग दुसरी. तिसरी. दांडा मोडतो की काय! हे लालबुंद. बोट रेझरकडे, मग डोळे माझ्याकडे, मग पुन्हा बोट. मी पाहिलं. चकती सहावर.

मी ती फिरवू लागले. पाच. थाप. चार. थाप. तीन. थाप. दोनवर हात थांबला आणि एकदाच, अगदी हळू, टकटक.

हज्ज साबणातून म्हणाले, "डॉक्टर, लिहिलंत ते खोडा. या दुकानात समज नसलेला मी एकटाच आहे. मी कुवेतच्या मालाला गळा दिला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग यांच्यासमोर वाकून म्हणाले, "उस्ता, रोज दाढी केली की माझ्या गळ्यावर पुरळ येतं. शिकलेल्या डॉक्टरांना इलाज सापडला नाही. तुम्ही बघता?"

यांनी बोटं फिरवली. गळ्याच्या एका जागी थांबली, जिथे केस आडवे उगवतात. वरून खाली, एवढंच दाखवलं. उलटा हात नाही. मग कपाटाकडे बोट: रशियन. आपला घरचा आहे, म्हणून मी तोही उकळून काढला आणि कोरं पातं घातलं. तुळतुळीत होणार नाही, पण सुखाने होईल. डॉक्टर बसले. मी केली. थेंबभरही रक्त नाही.

टॉवेल झटकला आणि सवयीने गप्प उभी राहिले. डॉक्टर आरशात वाट बघत होते. हज्जही. मी यांच्याकडे पाहिलं. या वेळी नजर जमिनीवर नव्हती. ती माझ्यावर होती. उजवं बोट दांड्यावर दोनदा वाजलं, मग थोडं चिडून पुन्हा दोनदा. मला कळेना, 'नाही' कशाला? शेवटी त्यांनी हात उचलला, आपल्या ओठांना लावला आणि माझ्याकडे दाखवला.

मी म्हटलं, "नईमन."

हे हसले. अर्धंच हसता येतं, पण ते अर्धं पुरेसं होतं.

डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. 'वाचा गेली आहे, आकलन शाबूत, व्यवसायातील निर्णय स्वतः घेतात' असं लिहिलंय. शिक्का नीट उमटला आहे. तुमचे ते कागदही परत पाठवते, सहीची जागा कोरीच ठेवून.

उंटावरून शेळ्या हाकणं आता पुरे, भावजी. दुकानातला तुमचा निम्मा हिस्सा मी नाकारत नाही. तो इथेच आहे, आरशापासून दारापर्यंत, येऊन बघा. तुम्हाला बघून यांना आनंदच होईल. तुमच्या नावाचा खणही अजून आहे. अब्बांनी चिकटवलेली चिठ्ठी पिवळी पडली, पण निघाली नाही. तुमचा रेझर मी आता त्यात ठेवला आहे. चकती दोनवर.

पाती मात्र तुमची तुम्ही आणा. आणि खुर्चीत बसलात की हलू नका. मी बिनपाण्याने कोणाची करत नाही, पण तुमच्या बाबतीत मोह होईल.

उस्ता इन्शिराह
शहाता यांचं दुकान, अन्फूशी
(शुक्रवारी बंद, एरवी उघडं)