एकेरी रांग

दि. १९, मंगळवार

चि. ताईस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. कागद आठ-दहा दिवस टेबलावरच आहे. रोज तारीख घालतो आणि खोडतो. फोनवर तू "बाबा, सगळं ठीक ना?" म्हणतेस, मी "ठीक" म्हणतो आणि फोन ठकीच्या हातात देऊन मोकळा होतो. कागदावर तसं निसटता येत नाही, म्हणून लिहितो आहे.

मी बरा आहे. खोकला आहे, पण तो जुनाच. नळाचा वायसर बदलला, तरी नळ गळतोच. दुसरा आणला तो मोठा निघाला, बदलून आणायला गेलो तर दुकान बंद. ठकीच्या गणवेशाची उसवलेली बाही शेजारच्या शिंपीणबाईंनी शिवून दिली. ठकीची उंची वाढली आहे. जेवते, पण निम्मं ताटात टाकते. तू तिच्यासाठी खोलीत दुसरी खाट आणून ठेवलीस म्हणालीस. गादीला ऊन दाखवत जा, नाहीतर वास धरेल.

खाटेवरून आठवलं, असं लिहिणार होतो. पण खरं सांगायचं तर पहिल्या ओळीपासून डोक्यात तेच आहे. तुझ्या तिकडच्या शाळेत सातवीच्या प्रवेशासाठी ठकीने पेपर दिला होता, त्याचा निकाल आठ तारखेलाच आला. आपली ठकी चार गुणांनी राहिली. "निकाल अजून नाही," असं ती तुला म्हणाली ते मी म्हणायला लावलं. तिला बोलू नकोस. दोन वर्षं तुम्ही मायलेकी एकत्र राहायची वाट बघताय, ते पुन्हा लांबलं, आणि ते माझ्यामुळे. कसं ते लिहितो. पत्र मधेच टाकून देऊ नकोस, शेवटपर्यंत वाच.

इथल्या शाळेतले गणिताचे सर लांबच्या रजेवर गेले. त्यांच्या जागी एक तरुण बाई आल्या. त्यांनी विभाजक, विभाज्य आणि मूळ संख्या आठवड्यात उरकल्या. ठकी रडकुंडीला आली. मी चौथी शिकलेला, पण चाळीस वर्षं कारखान्यात काचेचे पेले खोक्यांत भरले. कुठला आकडा किती रांगांत बसतो हे मला झोपेतही सांगता येतं. शिंपीणबाईंकडून मूठभर बटणं आणली आणि जमिनीवर मांडली. बारा बटणं. दोन रांगा सहाच्या, तीन रांगा चारच्या. रांगा पूर्ण बसल्या की तो आकडा विभाजक. सातच्या रांगा वाढवत गेलं की चौदा, एकवीस, अठ्ठावीस, ते सातचे विभाज्य. आणि सात, अकरा, तेरा यांची कशीही मांडणी करा, बटण उरतंच. आमच्या खात्यात अशा आकड्यांना आडमुठे म्हणत.

ठकी हसून लोळली. "आजोबा, तेवीसपण आडमुठा! एकोणतीसपण! आणि तुम्ही!" शाळेत जाताना ती घरांचे नंबर वाचायची आणि आडमुठं घर आलं की दारावर टिचकी मारून पळायची. एका म्हातारीने आम्हा दोघांना शिव्या घातल्या. ताई, इतकं छान मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

चूक तिथेच होती, मला दिसली नाही. पेले कधी एकेरी रांगेत भरत नाहीत. खोकं पट्टीसारखं लांब होतं आणि उचलताना मधेच मोडतं. पहिल्याच दिवशी मुकादमाने दरडावलं होतं, "एकेरी रांग ही रांगच नाही!" ते अंगात इतकं मुरलं की ठकीलाही मी तेच शिकवलं. बाराचे विभाजक दोन, तीन, चार, सहा. एक आणि बारा धरायचे नाहीत. सातला विभाजकच नाही.

वहीवर लाल फुल्या आल्या. बाईंनी मला बोलावून घेतलं.

"आजोबा, बटणांची कल्पना छान आहे. मीही वर्गात करून बघेन. पण एकेरी रांग धरायला हवी."

"बाई, एकेरी खोकं उचलताच मोडतं."

"पेले फुटतील हो, भागाकार नाही फुटत. बाराला एकाने भाग जातो ना?"

"जातो. पण त्याला काय अर्थ आहे? तो सगळ्यांनाच जातो."

"म्हणून तर एक हा सगळ्यांचा विभाजक! सातला दोनच विभाजक, एक आणि सात. नेमके दोन, म्हणून सात मूळ संख्या. एकाला मात्र एकच, म्हणून तो मूळ नाही."

मागच्या बाकावरच्या मुली फिदीफिदी हसल्या. माझं डोकं फिरलं. "तुमचं वय नसेल तितकी वर्षं मी खोकी भरली आहेत," म्हणालो आणि निघून आलो. ठकीला सांगितलं, तुझ्या बाई अजून कच्च्या आहेत.

त्याच संध्याकाळी, ठकी खाली खेळत होती तेव्हा, मी बटणं एकेरी मांडली. एकही उरलं नाही. बाईंचं बरोबर होतं. तो गुरुवार होता. पेपर रविवारी होता.

शनिवारी ठकी पेन्सिलींना टोक करत बसली होती. म्हणाली, "आजोबा, शेवटचं विचारते. एक धरायचा की नाही? बाई वेगळं सांगतात, तुम्ही वेगळं."

मी म्हणालो, "मी तुला कधी चुकीचं सांगितलंय?"

"नाही," म्हणाली आणि पेन्सिली कंपासपेटीत ठेवल्या.

मला लाज वाटली म्हणून बोललो नाही, असं मी इतके दिवस स्वतःला समजावतो आहे. ते खरं आहे, पण तेवढंच नाही. त्याच्या थोडंसं आधी तिने कपाट आवरलं होतं. "मी आईकडे गेले की हा कप्पा तुमचा, आजोबा. सगळाच्या सगळा." मी त्या कप्प्याकडे बघत राहिलो होतो. ती नापास व्हावी असं माझ्या मनात आलं नाही, शपथेवर सांगतो. पण माझं तोंड उघडलं नाही. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही.

पेपरात विचारलं होतं, छत्तीसचे विभाजक किती? तिने सात लिहिले, असतात नऊ. आठ आणि नऊचा सामाईक विभाजक? 'नाही'. सातचा सर्वांत लहान विभाज्य चौदा. एक ही मूळ संख्या. असे सहा गुण गेले, आणि ती राहिली चारने.

आता ती म्हणते, "मला गणित येतच नाही." मी तिच्यापुढे सगळं कबूल केलं. गुरुवारचंही सांगितलं. तर म्हणते, "मला बरं वाटावं म्हणून तुम्ही स्वतःवर घेताय. बाईंनी सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही." बटणं तिने स्वतः जाऊन परत दिली. रस्त्याने खाली मान घालून चालते. बाई रोज मधल्या सुट्टीत तिला शिकवायला तयार आहेत, मी जाऊन त्यांची माफी मागितली. पण ठकी त्यांच्याकडे जात नाही. मी तिला ओढत नेऊ का? कसं समजावू? मला काही सुचत नाही.

सोबत अर्ज आहे. निकालाच्या कागदामागे लिहिलं आहे की पालकाने कारण लिहून मागितलं तर पेपर पुन्हा घेतात. एकतीस तारखेच्या आत द्यायचा आहे. सही आईचीच लागते, माझी चालत नाही. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं आहे, 'आजोबांनी चुकीचं शिकवलं.' बाईंना दाखवून घेतलं आहे.

सही करून अर्ज शाळेत नेऊन दे. आणि ठकीला दोन ओळी वेगळ्या लिही. चूक आजोबांची होती, एवढंच लिही. माझ्या तोंडून तिला ते खरं वाटत नाही, तुझ्या हातचं वाचलं तर वाटेल. मला काय वाट्टेल ते लिही, किंवा काहीच लिहू नकोस. पण तिला लिही. पोस्टमन साडेअकराला येतो, मी फाटकाशी उभा राहीन. लवकर कळव, बाळ.

तुझा,
बाबा