डायनोसॉरकडे पाठ करून

रविवार, २ नोव्हेंबर १९९७
आज ऐरोलीतली आमची सोसायटी जागी झाली. बालदिनाच्या कार्यक्रमात फिल्मी नाच नकोत, विज्ञान हवं, असं मीटिंगमध्ये गरजलो. टेबलावर मूठ आपटली. डायनोसॉरची हाडं आणि ती उकरणारे शास्त्रज्ञ, यांवरची फिल्म दाखवायचं ठरलं. सहकुटुंब पाहण्यासारखी. फिल्म इंग्रजी. मराठीत कोण सांगणार? मी! टाळ्या. सर्वांत जोरात आमची नूरीन, तिसरीतली.
संकल्प: उद्याच कॅसेट पाहून टिपणं काढणे.

सोमवार, ३ नोव्हेंबर
कॅसेट आणली. कव्हरवर जबडा. दात केळ्याएवढे. उलटी ठेवली, धूळ बसू नये म्हणून. नंतर कपाटात, गोधड्यांखाली. सईदाने कारण विचारलं. म्हटलं, खाडीच्या हवेने टेपला बुरशी लागते. बायकोला विज्ञान समजावणं कठीण.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
कॅसेट लावली. ढोल वाजले, अंधारातून डोळ्याची खोबण पुढे आली. बंद केली. व्होल्टेज कमीजास्त होत होतं. सईदा म्हणते, लाईट तर व्यवस्थित आहे. व्होल्टेज तिच्या आवाक्याबाहेरचा विषय.

शनिवार, ८ नोव्हेंबर
वाशीच्या लायब्ररीतून दोन जाडजूड ग्रंथ आणले. वाचणाऱ्याला बघायची गरज नसते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सगळे मेले. सगळे. हे वाक्य पुन्हा वाचत होतो, तोच स्वयंपाकघरात हाड मोडल्याचा आवाज. सईदा कुर्लीच्या नांग्या फोडत होती. मी स्टुलावर काय करतोय, असं तिने विचारलं. पंखा तपासत होतो.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
नूरीन मोठी होऊन हाडंच उकरणार आहे. वर्गातल्या मुली हसतात: हाडं तर कुत्रे उकरतात. म्हणून तिने अख्खा वर्ग बोलावलाय. 'अब्बा, दगडातून हाड न मोडता कसं काढतात, तेवढं नीट सांगा हां.' शब्द दिला.
नवी पद्धत ठरवली. पडद्याकडे पाठ, लोकांकडे तोंड. खरा वक्ता लोकांच्या डोळ्यांत बघतो. सेक्रेटरी धर्मा पाटील म्हणाला, 'झऊरभाय, मागं काय चाललाय त्या तुला कसा कलनार?' संगीतावरून! ढोल म्हणजे जबडा, बासरी म्हणजे शास्त्रज्ञ.

रविवार, १६ नोव्हेंबर, संध्याकाळ
बालदिनाचा कार्यक्रम, रविवार गाठून. हॉल भरला. ढोल वाजले. मी कडाडलो, पाहा हा रक्तपिपासू राक्षस! लोक हसले. पडद्यावर म्हणे चष्मेवाली म्हातारी शास्त्रज्ञ डबा उघडत होती. हे सईदाने नंतर सांगितलं. बासरी लागली. पाहा हे मायाळू हात! पोरं किंचाळून आयांना बिलगली. मागून शेजारचा वामन ओरडला, 'झहूरभाई, तुमचे मायाळू हात दुसऱ्या डायनोसॉरला खातायत हो!' मी आवाज वाढवला.
मग नूरीन उभी राहिली. 'अब्बा, मागे बघा ना. हाड काढतायत.' तिचा वर्ग पुढच्याच रांगेत. सगळे माझ्याकडे बघत होते. मान वळेना. खरंच वळेना.
ती स्टेजवर आली, माझा हात धरला. हळूच म्हणाली, 'डोळे मिटा. मी सांगते.' मग मोठ्याने: आधी ब्रशने माती झाडतायत. आता ओला कागद लावला. आता प्लास्टरच्या पट्ट्या, शाहिदमामाच्या पायाला बांधल्या तशा. सुकलं की उचलणार, म्हणजे मोडत नाही.
एकही मुलगी हसली नाही, असं कळलं. माझे डोळे मिटलेले होते. चिंतनासाठी.

सोमवार, १७ नोव्हेंबर
सकाळी धर्मा आला. पुढच्या रविवारी कामोठ्याच्या एका शाळेत हाच कार्यक्रम. नूरीन बोलणार. 'तू पन ये झऊरभाय, पोरीला घेऊन.' होकार दिला. नव्या पिढीला वाट करून देणं हे वक्त्याचं कर्तव्य आहे.
नूरीन म्हणाली, अब्बा, तुम्ही बाहेरच थांबा. अंधार व्हावा म्हणून शाळेत दार लावून घेतात.
ठीक आहे म्हटलं. थोड्या वेळाने तिला विचारलं, मध्येमध्ये बाहेर येऊन मला बघून जाशील ना गं?
हो म्हणाली.