नकाशातून काढलेली डबरी

७ मार्च १९९४, सोमवार
आले एकदाची भिलाईत! पॉवर हाऊस स्टेशनला उतरून रिक्शाने थेट कोहक्यात. घरमालकीण गिरजाबाई भंडाऱ्याकडच्या. नवरा स्टील प्लांटमधून रिटायर होऊन वारला. एकट्याच असतात, त्यामुळे माझ्या येण्याने भलत्याच खूश. घर नवंकोरं, अंगणात हातपंप, दारात पपई. सकाळीच गभणे सरांना भेटले. युनिव्हर्सिटीचा प्रोजेक्ट त्यांचा, मी सहायक. पटवारी, नगरपालिका, पाणी विभाग असे सगळ्यांचे नकाशे कॉम्प्युटरवर एकावर एक बसवायचे आणि सगळ्या खात्यांना एकाच फ्लॉपीतून द्यायचे. वर्धा सोडून आल्याचं सार्थक वाटलं.

१० मार्च
आज डिजिटायझरच्या पाटीवर अंथरून कोहक्याचा जुना पटवारी नकाशा गिरवला. कोपऱ्यात एक छोटं तळं निघालं; इकडे डबरी म्हणतात. आमचा चपराशी टिकाराम तिथलाच. तो म्हणाला, आजोबांच्या काळी ढोरांवर रोग आला, तेव्हा गावची सगळी जनावरं त्यात लोटली. काही तर अजून श्वास घेत होती. पुढे माती टाकून प्लॉट विकले. मी आजचे रस्ते वर बसवून पाहिले. गिरजाबाईंचं घर बरोब्बर मधोमध. डबरीवर खूण केली: पाणी पिण्यालायक नाही.

१५ मार्च
पंपाचं पाणी उकळून ठेवलं होतं. निवल्यावर वर पिवळट साय धरली. बोटाने उचलली तर चरबी. तीनदा साबण लावला, बोटाचा वास जाईना. गिरजाबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, "मले त कायचाच वास येत नाही. तुले कावून येऊन राहिला, पोरी?" आणि माझ्यासमोर लोटाभर प्यायल्या. वरच्या ओठाला पांढरा थर राहिला, तो जिभेने चाटला. मी मोरीत जाऊन ओकले.

१८ मार्च
सरांना सांगितलं. ते म्हणाले, सोमवारी फ्लॉपी सगळीकडे जाणार; डबरी दिसली तर प्लॉटवाले बोंबलतील, प्रोजेक्ट बंद होईल, तुझी नेमणूकही जाईल. "काढून टाक ते."
काढून टाकली. एक बटण दाबलं फक्त. नकाशात त्याच जागेवर पाणी विभागाने अकरा नवे पंप मांडले आहेत. स्वतःचीच शिसारी आली, तरी घरी येऊन जेवले.

२२ मार्च
काल फ्लॉपी वाटल्या. आज वरणात केस. आखूड, राठ, तांबडा. ओढला तर संपेचना — वरणातला नव्हताच, माझ्या घशातून येत होता. फरशी तेलकट झाली आहे, पाय सरकतो. गिरजाबाई दुपारभर पंपाच्या नालीत तोंड घालून पीत होत्या, दोन्ही हात जमिनीवर टेकून. डोळ्यांवर माश्या. हाकलत नाहीत.

२५ मार्च
डबरी परत टाकायला ऑफिसात गेले. टिकाराम नाकाला गमछा लावून दारातच थांबला. माझा हात टेकला होता तिथे डिजिटायझरवर पिवळा ओघळ. सर म्हणाले, गेलेल्या फ्लॉपी परत येत नसतात.

२७ मार्च
पहिला पंप खोदला. पांढरं पाणी आलं. लोकांनी नारळ फोडला, बायकांनी हंडे लावले. पिऊ नका म्हणून मी ओरडले — पण तोंडून शब्द नाही, हंबरडा. ढोराचा. पोरं हसली. अंगणातून गिरजाबाईंनी तसाच हंबरून जवाब दिला.

२८ मार्च
दोन दिवस पाण्याला शिवले नाही. बोटं एकमेकांना चिकटली — मधेच एक भेग. पेन भेगेत धरून —

२९
पंपावर गर्दी. लेकराला ओंजळीने पाजून राहिली एक जण — मला बोलता येत नाही, पण लिहिता — हाच कागद नेऊन दाखवते. मोठ्या अक्षरात.
बायांनो, हे पाणी पि